खाडाखोडीची वही

मी माझ्या दिराच्या पेटंटची कात्रीनं झालर कातरली होती. हा मूर्खपणा मी इतकी वर्षं हसण्यावारी नेला. पण गेल्या महिन्यात वसंतभाऊजी गेले आणि हसायला जोडीदार उरला नाही...

ऐंशीच्या दशकात ते मुलुंडला आमच्याकडेच राहायचे. औषधांच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ. माणूस सोशीक, आणि त्याचाच तर वैताग! त्यांच्या शर्टांना कुजक्या अंड्यांचा वास. मी ते गॅलरीत वेगळे वाळत घालायची. "भाऊजी, लग्न कोण करणार हो तुमच्याशी?" म्हटलं की म्हणायचे, "कायमची सर्दी असलेली बघा ना, वहिनी."

तीन वर्षं खपून त्यांनी गजकर्णावरचं नवं औषध बनवलं. तेव्हा आपल्याकडे औषधाचं नाही, ते बनवण्याच्या रीतीचं पेटंट मिळायचं. अर्जावर आपलंच नाव लावायला साहेब टपलेले, म्हणून भाऊजींनी प्रयोगांची वही घरी आणून ठेवली. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख, त्यांची आणि साक्षीदाराची सही. त्याचं महत्त्व मला काय ठाऊक! मला दिसले डाग आणि खाडाखोड. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेली मी बाई! भाऊजी चार दिवस लग्नाला पुण्याला गेले, तेवढ्यात सगळं नव्या वहीत सुवाच्य उतरवून मोकळी झाले. खोडलेलं अर्थातच गाळलं. जुन्यातली डागाळलेली पानं केरात टाकली, बरी होती ती फडताळात डब्यांखाली अंथरली आणि पुढे लोंबणारी कड नक्षीदार कातरली. तारखा, सह्या, सगळ्याची वाट लागली.

परतल्यावर त्यांनी डाळीचा डबा उचलून खालचं पान वाचलं, डबा जागेवर ठेवला. "झालर छान झालीय," एवढंच. पुरावा उरला नव्हता. अर्जावर एकट्या साहेबांचं नाव गेलं. "अहो, चार शिव्या तरी द्या!" मी ओरडले. छे! पुढचे आठ दिवस मीच भांडी आपटत होते.

परवा त्यांचं कपाट आवरताना माझी ती वही सापडली, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. निम्म्यात माझी नक्कल संपते, आणि पुढेही अक्षर माझंच... मग आठवलं. नवव्या दिवशी ते वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, जमलेले प्रयोग साहेबांनी नेले. फसलेले, तुम्ही गाळलेत ते, अजून माझेच आहेत, आणि पुढचं औषध त्यांतूनच निघायचंय. सगळे पाठ आहेत मला. बसा, सांगतो. आणि अक्षर असंच काढा हं."