सतरावं नाव

आमच्या आत्याच्या अंगाला कायम स्पिरिटचा वास यायचा. ती दाराशी आली की माझा बाप आतून ओरडायचा, "आल्या बघा बाईसाहेब, टाकून!"

"मी दगडाला पाजते," आत्या चपला काढता काढता म्हणायची, "म्हणून तो उभा तरी राहतो. तुला पाजून काय उपयोग?"

बहीण-भावाचं हे रोजचंच होतं.

आत्या जुन्या दगडी इमारती सांभाळणाऱ्या खात्यात फवारणीचं काम करायची. चुनखडीचा दगड म्हातारा झाला की भुसभुशीत होतो, बोट लावलं तरी पीठ गळतं. त्याच्यावर हिचं औषध म्हणजे स्पिरिटात कालवलेला चुना. त्याचे कण इतके बारीक, की साध्या भिंगातूनही दिसायचे नाहीत. ते दगडात खोल शिरतात, स्पिरिट उडून जातं आणि चुना हवा नि ओल खाऊन आतल्या आत पुन्हा दगड होतो. एक हात मारायचा, वर ओली फडकी लावायची, आठवडाभर गप्प बसायचं, मग दुसरा हात, असे पाच हात. घाई केली की उडणाऱ्या स्पिरिटाबरोबर चुनाही माघारी येतो आणि नुसत्या वरच्या कातडीवर बसतो. घाई करणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. "घास गिळायच्या आत ताट ओढलंत तर तो ओठावरच राहणार ना!" असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

गावाबाहेरच्या खाणीत एकदा कडा कोसळून सतरा माणसं गेली होती. खाण कार्यालयाच्या भिंतीवर चुनखडीच्या पाटीत त्यांची नावं कोरली होती. शेवटचं, सतरावं नाव आतोबांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं. ते तिथं सुखासुखी आलेलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या बापाला ताप भरला होता, म्हणून आतोबा त्याच्या जागी, त्याच्याच नावावर कामाला गेले. हजेरीबुकात हजर माझा बाप, आणि मेलेल्यांच्या यादीतही माझा बापच. ती यादी कुणी दुरुस्त केली नाही. मग आत्या दिवसभर पाथरवटाच्या बाजूला उभी राहिली आणि नाव बरोबर कोरून घेतलं. आतोबा ढिगाऱ्याखालून वर आलेच नाहीत. त्यांची खूण म्हणून जगात ती एक ओळ होती.

तीस वर्षांनी पाटीचं पीठ व्हायला लागलं आणि काम आत्याकडेच आलं. ती खुशीत होती. तेवढ्यात खाण कार्यालयाचे साहेब आले. दहा दिवसांनी तिथं समारंभ होता.

"पाचही हात तोवर उरका. नाही जमलं तर ही पाटी काढून ग्रॅनाइटची लावतो."

"आणि नावं कुठून घेणार?" आत्यानं विचारलं.

"कार्यालयातल्या यादीवरून. आणखी कुठून?"

जन्मात कुणासाठी घाई न केलेली बाई त्या दिवशी घाईला लागली. मी रजा घेऊन फडकी भिजवायला गेले होते. चुना नीट मुरायच्या आत ती पुढचा हात मारत होती.

"आत्या, मुरू दे ना गं जरा."

"तू गप्प बस!"

दहाव्या दिवशी साहेबांनी पाटीवर चिकटपट्टी दाबली, ओढून काढली. कणभर पीठ आलं नाही. साहेब खूश झाले. ते गेल्यावर आत्यानं बोटाच्या पेरानं शेवटच्या ओळीवर टकटक केलं. आवाज बद्द आला.

"वरच्यावर बसलंय," ती एवढंच म्हणाली.

थंडी सरता सरता पाटीचा पापुद्रा सुटला. खालच्या चार ओळी फुटपाथवर चुरा होऊन पडल्या. आत्यानं तो चुरा रुमालात भरला आणि कार्यालय गाठलं. बरोबर माझा बापही गेला.

"अहो, यादीत माझं नाव आहे, आणि मी हा जिवंत तुमच्यासमोर उभा आहे!"

"चांगलंच आहे की," साहेब म्हणाले. "पण यादी ती यादी. सतरा पाहिजेत, सतरा आहेत. आकडा जुळतोय ना?"

मेल्याच्या तोंडावर तो रुमाल उधळावा असं मला वाटलं. आत्यानं गाठ घट्ट केली आणि ती उठली.

महिन्याभरात ग्रॅनाइट लागलं. शेवटच्या ओळीत माझ्या बापाचं नाव, आरशासारखं चकचकीत. साहेबांनी आत्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. "आता तुमची फवारणीबिवारणी नको, बाई. शंभर वर्षं याला काही व्हायचं नाही."

आत्या अजून कामाला जाते, अजून तोच वास घेऊन येते. बाप आत बसलेला असतो, पण ओरडत नाही. परवा ती दारातच थांबली.

"ओरड की रे," ती म्हणाली. "जिवंत आहेस ना?"

बाप भिंतीकडे तोंड करून बसला.