तिचा कॉम्प्युटर अन् दोन शेपट्यांचा डबा

मी फुलांचा माणूस. बार्शीटाकळीच्या वाटेवर आमचा मळा आहे, शेवंती अन् झेंडूचा, अन् राहणं अकोल्यात, जठारपेठेत. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं लिहिण्यात चुका होतील, त्या समजून घ्या.

बायको माह्यापेक्षा लय शिकलेली होती. समोरच्या खोलीत ती लग्नपत्रिका जुळवून देण्याचं काम करे. त्यासाठी तिनं एक मोठा कॉम्प्युटर घेतला होता, कोण्या हापिसातून निघालेला. विकणारा त्याले वर्कस्टेशन म्हणे. मी त्याले कोठी म्हणो, कारण उचलाले दोन माणसं लागत.

"कोठी बंद कर, चहाची वेळ झाली," मी दारातून म्हणो.

"गॅस तुमच्या हातानंही पेटते, पेटवून पाहा," ती मान वर न करता म्हणे.

पत्रिकांचं काम सरलं की ती त्यात गाणे भरे. भुलाबाईचे. आमच्याकडं भादव्याच्या पुनवेले मातीची भुलाबाई बसते अन् कोजागिरीले उठते. तेवढे दिवस पोरीबाया संध्याकाळी जमतात, गाणे म्हणतात, अन् शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा खुळखुळवून आत काय आहे ते ओळखाले लावतात. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांपाशी असे गाणे होते जे दुसरीकडं कोणाले येत नव्हते. या बाया गेल्या की गाणे बी गेले, असं तिचं म्हणणं. म्हणून दरवर्षी माइक लावून ती ते कॉम्प्युटरात घेत होती. मले ते सारं तुणतुणं वाटे.

यंदा उन्हाळ्यात तीच गेली. म्हाताऱ्यांपैकी दोघीतिघी अजून आहेत.

कॉम्प्युटरावर तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला होता, तो मी दसऱ्यापर्यंत काढला नाही. नवमीले आमच्या घरी औजारं पुजतात. विळा, फावडं, पाण्याची मोटर, फुलं तोलायचा काटा. कॉम्प्युटराची पूजा ती स्वतः करे. यंदा करणारं कोण? मीच केली. तिच्या वस्तूले काही कमी पडू नये म्हणून हात सैल सोडला. हळद, कुंकू, मूठभर ओल्या अक्षता, शेवंतीचा हार, अन् वरून फुलानं पाणी. मनाले बरं वाटलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी गल्लीतल्या बाया आल्या.

"काका, काकूचे गाणे लावा ना," शेजारीण म्हणाली. "यंदा आमाले सांगणारं कोणी नाही. आमी नुसत्या ऐकतो."

मी बटन दाबलं. पडदा काळाच राह्यला, त्यावर इंग्रजीच्या दोन ओळी आल्या, अन् आतून टिकटिक ऐकू यायले लागली. बाया उभ्याच.

"राहू द्या काका, मी मोबाइलवर लावतो," शेजारीण म्हणाली. तिनं लावलं काहीतरी. ढोलक वाजे, बाई चांगली गाये, पण ते आमच्या गल्लीचं नव्हतं.

बाया गेल्यावर माह्या ध्यानात आलं, की तिचा आवाज जगात कुठं असन तर त्या कोठीत. माह्या फोनात तो नाही. घरातल्या घरात कोण फोन करते, अन् केला तरी कोण भरून ठेवते?

सकाळी मुलीले फोन लावला. ती अमरावतीले कॉलेजात शिकवते. तिनं सांगतलं, "बाबा, आईच्या कपाटात एक सीडी आहे अन् तिच्यासंगं चपटा काळा डबा. डब्याची वायर कॉम्प्युटरले लावा, सीडी आत टाका, अन् चालू करतानी एफ बारा दाबत राहा. मशीन सीडीवरून सुरू झाली तर आतले गाणे काढता येतील."

कॉम्प्युटराची स्वतःची सीडीची खाच कवाच बिघडली होती. म्हणून हा बाहेरून लावायचा डबा मुलीनंच आईले आणून देला होता. त्याच्या वायरीले दोन शेपट्या. एक समोरच्या छिद्रात गेली. दुसरी बाजूच्या छिद्रात काही जाईना. रेटली, फिरवून पाह्यली, तरी जाईना. एक लागली म्हणजे झालं, दुसरी जादाची असन, असं समजून मी ती हार बांधायच्या केळीच्या सोपटानं गुंडाळून टाकली. आमच्या धंद्यात लोंबतं काही ठेवत नाही.

डबा गुरगुरला, दिवा लागला, अन् विझला.

"पडद्यावर नावं आले का, कशावरून सुरू करायचं त्याचे?" मुलीनं विचारलं.

"आले तीन-चार."

"त्यात डब्याचं नाव आहे का?"

"मले काय माहीत त्याचं नाव? मी काय त्याच्या बारशाले गेलो होतो?"

"बाबा, फोन पडद्यासमोर धरा. वर. अजून वर. तुमचा अंगठा दिसून राहिला नुसता." मी अंगठा सरकवला. "नाही. डबा त्याले दिसूनच नाही राहिला. परत करा."

परत केलं. बंद, चालू, एफ बारा, गुरगुर, अन् तोच काळा पडदा. शेवटी ती म्हणाली, "घेऊन या इकडं."

दिवाळीच्या बाजाराची आमची गाडी अमरावतीले निघालीच होती. झेंडूच्या पोत्यांमधी कोठी बसवली अन् मी तिले धरून बसलो. पोचलो तवा मुलगी कॉलेजात होती. रिकामं काहून बसायचं म्हणून मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं झाकण उघडून पाह्यलं अन् हसला.

"काका, याची तर पेन्शन सुरू झाली असन. फॉर्मॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत एकदम नवा."

मी म्हणलं, मार. नवा होत असन तर चांगलंच आहे. त्यानं वायरी लावल्या, इतक्यात मुलीचा फोन आला.

"कुठं आहे तुमी?"

"दुकानात. हा नवा करून देऊन राहिला."

"बाबा! त्याले म्हणा हात काढ! नवा म्हणजे आतलं सारं पुसते तो!"

मी कोठीवर दोन्ही हात ठेवले. "राहू दे भाऊ," म्हणलं.

"काहून काका? पैशाचं पाहून घेऊ ना."

"पैशाचं नाही. माही बायको आहे त्यात."

तो पोरगेला माणूस नव्हता, चांगला घरसंसारवाला होता. त्यानं गुमान वायरी काढल्या अन् कोठी रिक्षापर्यंत माह्यासंगं उचलून आणली.

मुलीच्या घरी टेबलावर ठेवली. आल्या आल्या तिनं आतल्या सेटिंग पाह्यल्या. बाहेरच्या डब्यावरून सुरू होण्याचं बंद होतं, ते चालू केलं. तरी डबा गुरगुरे अन् विझे. मग तिची नजर सोपटावर गेली.

"हे काहून बांधलं?"

"ते जादाचं होतं."

"जादाचं नाही बाबा. या डब्याले एका वायरीतून वीज पुरत नाही, म्हणून दोन आहेत. अर्ध्यापोटी चालवून राहिले तुमी त्याले."

तिनं सोपट सोडलं, शेपटी लावाले गेली, तर तिलेही लागेना. मशीन बंद करून तिनं मोबाइलचा टॉर्च छिद्रात मारला. मग पिन घेऊन आली अन् कोरू लागली. आतून तांदूळ निघाले. कुंकवानं लाल झालेले, वाळून घट्ट बसलेले.

"बाबा," ती म्हणाली, "अक्षता चारल्या तुमी याले!"

लय हसली. हसता हसताच रडाले लागली. 

"पूजा केली होती," मी म्हणलं.

"आई काय करे माहीत आहे? बोटानं एक टिकली लावे अन् वर एक फूल ठेवे. बस."

मले माहीत नव्हतं. दरवर्षी ते फूल मीच मळ्यातून आणून देत होतो, अन् ते कुठं ठेवते हे मी कधी पाह्यलं नाही.

"मागून वीज पुरी भेटते," म्हणत मुलीनं समोरची जागा सोडून दोन्ही शेपट्या मशीनच्या मागं लावल्या. तिले वाकलेलं पाहून मले तिची माय दिसली. गुडघा दुखे, तरी भिंतीले धरून मागं वाके. "समोर छिद्रं असतानी मांगं काय हुडकतं?" मी म्हणो. "समोरचे पाहुण्यासाठी आहेत," ती म्हणे, अन् मी हसून निघून जावो. खरं काहून ते विचारलं असतं तर तिनं सांगतलं असतं. सांगाची तिले हौसच होती.

यावेळेस डबा विझला नाही. फिरतच राह्यला. पडद्यावर नावांत डब्याचं नाव आलं, मग चित्र आलं, अन् थोड्या वेळानं मुलीनं भुलाबाईच्या गाण्यांचा कप्पा उघडून दाखवला. गाण्यांची रांगच्या रांग होती. पण आतली डिस्क थकली होती. बहुतेक गाणे उघडलेच नाहीत. जेवढे निघाले तेवढे तिनं माह्या फोनात टाकून देले.

आमी ऐकत बसलो. एकात शेजारीण, एकात वरच्या आळीतली म्हातारी, टाळ्या, बांगड्या. हिचा आवाज कुठंच नाही.

"तुही माय काहून नाही गात?" मी विचारलं.

"ती बटनापाशी असे ना, बाबा."

शेवटचं निघालं ते गाणं नव्हतं. आधी डबा खुळखुळला. मग ती बोलली. तीच. "ओळखा."

"शेंगदाण्याचे लाडू!"

"नाही."

"शंकरपाळे!"

"अंहं."

"बाई, सांगून टाक न आता, तोंडाले पाणी सुटलं!"

ती हसली. असं हसणं मी दारातून कितीदा ऐकलं असन, अन् टीव्हीचा आवाज वाढवला असन. "आधी हरल्या म्हणा," ती म्हणाली.

"हरलो!" साऱ्या बाया एकदम ओरडल्या.

अन् बंद. मुलीनं परत लावलं, परत तिथंच बंद. पुढचं डिस्कनं देलंच नाही.

"काय होतं हो बाबा, त्या डब्यात?" मुलीनं विचारलं.

मी लय आठवून पाह्यलं. त्या आवाजात बायांच्या मागं कोणीतरी खोकलते. तो खोकला माहाच आहे. म्हणजे मी घरातच होतो. बाया गेल्यावर ती माह्यापुढं वाटी ठेवतच असे, त्या दिवशीही ठेवली असन, अन् मी खाल्लीही असन. काय होतं ते सांगता येत नाही.

गल्लीत विचारलं. एक म्हणते मुरमुऱ्याचा चिवडा, एक म्हणते साखरफुटाणे, एक म्हणते अनारसे. दरवर्षीचं येगळं, कोणाच्या ध्यानात राहते?

आता मळ्यातून आलो की गॅस मी माह्या हातानं पेटवतो, अन् चहा होईपर्यंत फोन लावतो. डबा खुळखुळते, ती हसते, बाया हरलो म्हणतात. एकदा घरात कोणी नसतानी मीबी त्यांच्यासंगं म्हणून पाह्यलं, हरलो. पुढं काही येत नाही.