तो माझ्या तोंडाकडे का बघतो

अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी पुरुषांचा एक कोरस गातो. वाद्यं नाहीत, नुसते गळे. चार वेगवेगळे आवाज एकमेकांवर असे बसवायचे की ऐकणाऱ्याला एकच मोठा आवाज वाटावा. या प्रकाराला इथे बार्बरशॉप म्हणतात. एकदा लायब्ररीत त्यांचं गाणं ऐकलं आणि संपेपर्यंत मी जागचा हललो नाही. नागपूरला आमच्या वस्तीत भीमगीतांच्या कार्यक्रमात मी मुख्य गायकामागे उभा राहून झील धरायचो. त्यांच्यातला सगळ्यात खालचा आवाज, बेस, ऐकताना वाटलं, हे आपल्याला जमेल.

खरं तर त्याआधी मी इथल्याच एका मराठी गाण्याच्या ग्रुपमध्ये जाऊन आलो होतो. पहिल्याच दिवशी एका काकूंनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात नेमकं कुठे राहता ते. माझी उत्तरं ऐकून त्या "छान, छान" म्हणाल्या. पुढच्या प्रॅक्टिसचा मेसेज मला आला नाही. चुकून राहिला असेल. मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून कोणी फार गोड वागायला लागलं की मी सावध होतो.

आणि कोरसमधले लोक फारच गोड वागायचे. दारातच मिठी, कॉफी, "तू आलास, बरं झालं." सगळ्या हॉलमध्ये सावळा मी एकटा. मुलीला सांगितलं तर फोनवरून नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, यू नो, पूर्वी ते ब्लॅक लोकांना घ्यायचेच नाहीत. आणि हे म्युझिक मुळात त्यांच्याकडूनच आलंय. गूगल इट."

मी गूगल केलं. तिचं खरं होतं. त्यानंतर प्रत्येक मिठी मी जरा अंग आखडूनच घेऊ लागलो.

माझ्या उजव्या हाताला एक उंच म्हातारा उभा राहायचा, तोही बेस. पूर्वी पोस्टाचा ट्रक चालवायचा. सगळे समोर डिरेक्टरबाईंच्या हाताकडे बघत गायचे आणि हा मान पूर्ण वळवून माझ्या तोंडाकडे बघायचा. मी श्वास घेतला की तोही थांबायचा. मी पुढे गेलो की अर्ध्या क्षणाने तोही पुढे. वाटलं, माझे इंग्रजी उच्चार तपासायला याला माझ्या शेजारी उभं केलंय. मी आवाज लहान केला, तर तो आणखी जवळ वाकला. ब्रेकमध्ये मात्र एक शब्द बोलायचा नाही.

एकदा कॉफी घेताना तो आणि डिरेक्टरबाई कोपऱ्यात हळू आवाजात बोलताना दिसले. बोलता बोलता दोघांनी माझ्याकडे बघितलं. आठवडाभरात बाईंचा फोन आला, "पुढच्या मंगळवारी थोडा लवकर येशील का? एक बोलायचं आहे."

"काढतायत मला," मी बायकोला म्हणालो.

"तुम्हाला कोणी चांगलं वागलं तरी त्रास होतो," ती म्हणाली. "काढलं तर काढलं. पण कारण विचारून या. या वेळी गप्प बसून येऊ नका."

हॉलमध्ये दोघंच होते. म्हातारा टोपी हातात फिरवत बसला होता. माझ्याकडे न बघताच तो बोलायला लागला. "माझा डावा कान गेलाय. उजवाही चाललाय. मशीन लावलं की सगळे सूर पत्र्यावर वाजल्यासारखे येतात. गेले काही महिने मी तुझ्यावरून गातोय. तू नसलास की नुसते ओठ हलवतो. बाईंना म्हटलं, मी सोडतो. त्या म्हणाल्या, आधी त्याला विचार. तू माझ्या उजवीकडे उभा राहशील का?"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला राग. "मलाच का नाही विचारलं आधी?"

"तू कुणाशी बोलत नाहीस. वाटलं, तुझ्या लक्षात आलंय आणि तू बाईंना सांगणार. तुझी भीती वाटायची मला."

बायकोचे शब्द डोक्यात होते, म्हणून जे महिनोन् महिने मनात होतं ते विचारूनच टाकलं. "पूर्वी काळ्या लोकांना कोरसमध्ये घ्यायचे नाहीत, तेव्हा तुम्ही गात होता?"

बाई काही बोलणार होत्या. त्याने हाताने थांबवलं.

"मी लहान होतो. माझे वडील गायचे. फार सुंदर गायचे."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही." तो जमिनीकडे बघत होता. "विचारायला हवं होतं."

माफी मागितली नाही, सारवासारवही केली नाही. त्याने दोन्हीपैकी काही केलं असतं तर मी बहुधा तिथून निघालो असतो. इतर लोक यायला लागले तसा मी उठलो आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्या संध्याकाळी खूप दिवसांनी मोकळ्या गळ्याने गायलो.

वसंतात एका वृद्धाश्रमात आमचा कार्यक्रम झाला. शेवटच्या सुराला त्याचा आवाज माझ्या आवाजात असा मिसळला की कुठला कुणाचा ते मलाच कळेना. उन्हाळ्यात उजवा कानही पार गेला आणि त्याने गाणं सोडलं. बाईंनी केक आणला. तो हसत होता, पण केक त्याने खाल्ला नाही.

अजूनही काही मंगळवारी तो येतो, खुर्च्या लावू लागतो. बोलायचं ते मी फोनवर टाइप करून दाखवतो. बायको म्हणते, एकदा त्यांना जेवायला बोलवा. मी बघू म्हणतो. अजून बोलावलेलं नाही.