मागच्याले विचारा

ताणसरांनी कधीच पुढच्या बाकापासून तास सुरू केला नाही. मागच्या दारानं यायचे आणि शेवटच्या बाकाशीच भौतिकशास्त्राचं गणित सांगायला लागायचे. पुढं बसलेल्या, यवतमाळला क्लास लावलेल्या पोरांच्या माना दुखायच्या. दुखेनात का! मागं बसणाऱ्या आम्हा तांड्यावरच्यांकडे तोवर कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं.

त्यांचं आवडतं गणित एकच. खेळण्यातला ट्रॅक्टर, त्यामागे सुतळीनं बांधलेल्या दोन काडेपेट्या, म्हणजे ट्रॉल्या. दोन्ही सुतळ्यांतला ताण किती? सगळा वर्ग दोन्हींना सारखाच ताण द्यायचा आणि सर भडकायचे. "पहिली सुतळी दोन ट्रॉल्या ओढून राह्यली, दुसरी एकच. मग सारखा कसा?" शेवटची ट्रॉली आधी वेगळी काढायची, ही त्यांची रीत. तिला ओढणारी सुतळी एकच, म्हणून तिचं वस्तुमान गुणिले त्वरण, की झाला ताण. मग तिच्या पुढची. "मागच्याले विचारा, तो लबाड बोलत नाही," म्हणत खडू आपटायचे. त्यावरूनच त्यांचं नाव ताणसर पडलं.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून वेचणीला घरचीच पोरं. मागचे बाक ओस पडले की सर गाडी काढून तांड्यावर यायचे आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, बसून मातीत ट्रॉल्या काढायचे. माझी याडी, म्हणजे आई, एकदा म्हणाली, पोरगी हे शिकून काय करणार? सर म्हणाले, तिलाच विचारा. मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बारावी करणार.

पण बारावीचे फॉर्म आले आणि संस्थेच्या अध्यक्षांना शंभर टक्के निकालाची हाव सुटली. चाचणीत मागे पडलेल्यांना फॉर्मच द्यायचा नाही. म्हणजे मला आणि आमच्याच तांड्यावरच्या गोपालला. वर भर वर्गात येऊन हसत म्हणाले, "मागची ट्रॉली सोडली की ट्रॅक्टर जोरात पळते. तुमचंच शास्त्र ना, सर?"

"पळते ना, साहेब," सर म्हणाले. "पण कापूस ट्रॉलीतच राह्यते."

वर्ग हसला. अध्यक्षांना मिरच्या झोंबल्या. सर हटेनात, तेव्हा फॉर्म दिले, पण अट घातली: एक जरी नापास झाला तरी सर घरी. मी आणि गोपाल, दोघंही भौतिकशास्त्रात गेलो. जूनमध्ये सर नव्हते. विनाअनुदानित तुकडीवरचा माणूस, काढायला किती वेळ लागतो? शिकवतो म्हणून माणूस काढला मेल्यांनी! अजून अंगाची आग होते.

सर कळंबला शिकवण्या घ्यायला लागले. तिथून निरोप आला, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसा. मी बसले, पास झाले आणि बूथवरून सरांना फोन लावला.

"शाब्बास," ते म्हणाले. मग विचारलं, "अन् गोपाल?"

त्यानं फॉर्मच भरला नाही, वेचणीवर आहे, मी सांगितलं.

"त्याले विचारलं का तू?"

मी फोन आपटला. एवढी पास झाले, तर यांना कौतुक त्या गोपालचं! सरांवर, अध्यक्षांवर, गोपालवर, सगळ्यांवर चिडत घरी आले, पुस्तकं काखोटीला मारली आणि तशीच तणतणत गोपालच्या शेताकडे निघाले.