बापूंचे स्पीकर घेऊन नांदेड ते लातूर

खरं सांगायचं तर मी लातूरला स्पीकर दुरुस्त करायला निघालोच नव्हतो. ते ठणठणीत आहेत, असं एखाद्या जाणकाराच्या तोंडून वदवून घ्यायला निघालो होतो. माझे वडील, म्हणजे बापू, वर्षभर एकच सांगत होते, "पखवाजाचा डावा हात फाटून राहिलाय." म्हणजे डाव्या हाताने वाजणारा घुमता खर्ज चिरकतो. हदगावच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर पखवाज वाजवला. त्याच भजनांच्या कॅसेटी ते नांदेडच्या घरी रोज लावतात. मी म्हणायचो, "स्पीकर नाही बापू, तुमचे कान गेलेत." तेवढ्यावरही थांबलो नाही. सहा महिन्यांपूर्वी, डॉक्टरला न दाखवताच, कानाचं मशीन ऑनलाइन मागवलं आणि पाहुण्यांसमोर त्यांच्या कानात बसवलं. तेव्हापासून ते रोज घालतात. हे लिहितानाही लाज वाटते.

एसटीने लोहा, अहमदपूर मार्गे चारेक तास धरा. सामान जड असेल तर मागचं सीट पकडा आणि हाडं सांभाळा. दोन्ही खोकी चादरीत बांधलेली पाहून शेजारच्या काकांनी विचारलं, "काय हाय यात?"

"वडिलांचे स्पीकर."

"बिघडले का?"

"स्पीकर नाही, वडिलांचे कान बिघडलेत."

काका हसले, मीही हसलो. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. भजी झकास होती.

लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते फुटतात. खोकी उचलून मी दोनदा त्याच पानटपरीसमोर आलो, तेव्हा कुठे स्पीकर दुरुस्त करणाऱ्या आप्पांचं दुकान सापडलं. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर चष्मा. 'आवाज चांगलाय, वडिलांनाच फाटल्यासारखा वाटतो' हे माझं भाषण पुरतं न ऐकताच त्यांनी जाळी काढली आणि वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पडद्याच्या, कडेला बोट लावलं. कडेचा फोम भुगा होऊन खाली पडला.

"आवाज चांगला हाय म्हणून कोण म्हणलं?"

"मी."

"आन् फाटतोय म्हणून?"

"वडील."

"त्यांचे कान लई तयार हायत. कॉइल बी घासलीय. दोन्ही नवेच टाकू."

मशीनचं मी बोललोच नाही. तेवढी हिंमत नव्हती.

तासभर लागणार होता. जवळच्या खानावळीत भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी मागवली. एरवी दोन वाट्या संपवतो, त्या दिवशी एक उरली.

परतलो तेव्हा आप्पा नव्या वूफरला पेन्सिल सेल लावून बघत होते. पडदा टचकन बाहेर आला. "घरी दोन्हीला लाल खुणेची तार सारखीच जोडा. एकाची उलटी झाली तर एक पडदा पुढं ढकलतो, दुसरा मागं ओढतो. खालचा आवाज मरतो." जोडी दोन हजारांच्या आत झाली. असं काम असेल तर खोकी सोबत न्या, नुसतं माप सांगून वूफर आणू नका.

संध्याकाळी घरी पोचलो. आमच्या जुन्या तारा दोन्ही काळ्याच. अंदाजाने जोडल्या आणि कॅसेट लावली. मला आवाज छान वाटला. बापूंनी क्षणभर ऐकलं.

"डावा हात कुठं गेला?"

"बापू, तुमचे का—" शब्द ओठांवर आला होता. तो कसाबसा गिळला, स्पीकरच्या मागे वाकलो आणि एका खोक्याच्या तारा बदलल्या. खालून पखवाज घुमला. बापूंचा डावा हात मांडीवर पडू लागला. मी वाकलेलाच राहिलो, कारण वर बघवत नव्हतं.

भजन संपल्यावर म्हणालो, "चुकलो, बापू. ते मशीन काढा आता. नाहीतर त्याचा सेल तरी काढा."

त्यांनी मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. "सेल? तो मी पहिल्याच आठवड्यात काढला. लई किरकिर करून राहिलं होतं."

"मग एवढे दिवस कानात कशाला घालत होतात?"

"तू हौसेनं आणलं होतंस ना," ते म्हणाले आणि कॅसेट उलटी करायला उठले.