पगाराची तारीख विचारणाऱ्या मॅडम

समोरच्यानं पाकिटातून क्रेडिट कार्ड काढलं, की आमच्या मॅडमचा चष्मा कपाळावर जायचा आणि प्रश्न यायचा, “पगार कवा होते?”

ओळख असो नसो, जागा कुठली का असेना. पेट्रोल पंपावर माझ्या मोटारसायकलमागे बसलेल्या असताना शेजारच्या गाडीवाल्यालाही त्यांनी हे विचारलं होतं. तो बिचारा “क्यूं मॅडम?” म्हणत मलाच बघत राहिला.

मॅडम आमच्या नागपूरकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत माझ्याहून पुष्कळ वरिष्ठ. सडक अर्जुनीहून एसटीनं यायच्या. बोलणं रोखठोक. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आपण दोन वर्षं त्यांना टाळतो आणि मग जन्मभर त्यांचं नाव काढतो.

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्यातली गोष्ट. नवरदेव पुण्यात नोकरीला. त्यानं कौतुकानं आपलं कार्ड दाखवलं, यावर विमानतळावर फुकट जेवण मिळतं म्हणाला. मॅडमचा चष्मा वर गेला. “पगार कवा होते?” मुलीच्या बापाला हेच विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. मुलगा म्हणाला, “तीस तारखेला.” सगळ्यांचे कान टवकारलेले, आता आकडा निघणार! मॅडम म्हणाल्या, “अन् बिलाची तारीख?” मुलीच्या बापानं कपाळाला हात लावला.

आम्ही स्टाफरूममध्ये त्यांची नक्कलही करायचो. माझी नक्कल सर्वांत चांगली होती.

मग माझ्यावर वेळ आली. मुर्री गावात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. काचबिंदूनं आईची नजर गेली ती त्याच घरात. भिंतीला हात लावत ती चुलीपाशी जायची, अंगणात जायची, तुळशीला पाणी घालायची, सगळं कुणाच्या मदतीशिवाय. घरमालक म्हातारे, मुलीकडे नागपूरला निघाले. म्हणाले, “तुम्ही घर विकत घेत असाल तर वर्षभर थांबतो. नाहीतर दुसऱ्याला देतो.” नवीन घरात गेलो तर आई खाटेवरून उठणार नाही, हे मला दिसत होतं.

मी कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी नम्रपणे नकार दिला. क्रेडिट स्कोअर कमी आहे म्हणाले. मला पटेना. कार्ड माझ्याकडे होतं, पण बिल मी दर महिन्याला पूर्ण भरत होतो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बँकेच्या नावानं बोटं मोडत होतो. मॅडमनी डबा बाजूला सारला.

“बिल कवा भरावं लागते?”

“पाच तारखेपर्यंत.”

“अन् आपला पगार?”

आमचा पगार कधी दहाला, कधी पंधराला. पगार झाला की त्याच दिवशी बिल भरायचं, हा माझा नेम. आपण बुडवत तर नाही, चार दिवस मागेपुढे झालं तर काय, असं स्टाफमध्ये सगळेच म्हणायचो. ते चार दिवस दर महिन्याला उशीर म्हणून माझ्या नावावर लागत गेले होते.

मॅडमनी मला तिथल्या तिथे कार्डाच्या कंपनीला फोन लावायला लावला. बिलाची तारीख बदलून मिळते, हे मला माहीतच नव्हतं. ती पंचवीसच्या पुढे गेली. बिल खात्यातून आपोआप पूर्ण कटेल अशी सोयही झाली. “बिलात कमीत कमी इतके भरा म्हणते, तिकडे पाहूच नोको,” त्या म्हणाल्या. “लिमिट म्हणजे पगार नोहे गा. आधी खात्यात पैसे, मंग कार्ड.” वर्षभर त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. मी नवा मोबाईल बघतोय हे कळल्यावर तर चारचौघांत झापलं.

एकदा त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटीचा पत्ता नव्हता. मी सहज म्हटलं, “मॅडम, तुम्ही सगळ्यांना पगाराची तारीख काऊन विचारता?”

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “पोराले नागपूरले इंजिनीअरिंगची सीट भेटली होती. लोन नाही झाला. मी तं बिल भरूनच राहिली होती, पगाराच्या दिवशी. सीट गेली. आता तो हायवेवर ट्रकाइची वायरिंग करते.” मग म्हणाल्या, “मले कोणी इचारलंच नाही गा, पगार कवा होते म्हणून.”

त्यानंतर मी त्यांची नक्कल केली नाही.

वर्ष संपता संपता मी पुन्हा बँकेत गेलो. कर्ज मंजूर झालं, घर आमचं झालं. ज्या दिवशी कागद हातात आले त्या दिवशी आईला सांगितलं. ती भिंतीवरून हात फिरवत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. त्यांचे उपकार मी कुणाला समजावून सांगू शकत नाही, एका तारखेची तर गोष्ट. पण आज माझी आई अंगणात एकटी जाते, ती त्यांच्यामुळे.

घर झालं तेव्हा वास्तूच्या जेवणाला मॅडम आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. आईनं त्यांचा हात धरला आणि सगळं घर दाखवलं. “इथं उंबरठा आहे बाई, पाय उचला,” म्हणत आई पुढे आणि मॅडम मुकाट्यानं मागे. जेवणानंतर दोघी आईच्या खोलीत गारगार फरशीवर लवंडल्या. एसटीची वेळ झाली तशी मी बोलवायला गेलो. मॅडम गाढ झोपल्या होत्या.

मुलगा माझ्या मागून आला, दारातच थांबला आणि हळूच म्हणाला, “झोपू द्या सर. घरी दिवसा कधी पाठ टेकत नाही ते. मागून येणाऱ्या गाडीनं जाऊ.”

मग आम्ही दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसलो.