लबाड चाचणी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बोईसरच्या कंपनीत शिरगावची एक बाई माझ्या हाताखाली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर तपासायची. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीला ती ‘लबाड’ म्हणायची आणि तीच शंभरदा चालवून बघायची. प्रोग्रामची दोन कामं, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी धावतात आणि त्यांपैकी आधी कोण पोचतो यावर निकाल ठरतो, हे तिनेच शोधलं.

“मध्ये दोन सेकंदांचा स्लीप टाक, एक थांबेल, दुसरा पुढे जाईल, संपलं,” मी कंटाळून म्हणालो.

“झोपवून ताप उतरत नाय, सर.”

तरी माझ्या हुकमाने तिने तो टाकला. पुढे गिऱ्हाइकाकडे यंत्र तिथेच अडकलं. दोष कोणी झाकला, असं बैठकीत विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी कागद चाळत राहिलो. तिला काढलं.

परवा पालघरच्या बाजारात भेटली. “बरं हाय ना, सर?”

ती मला लबाड म्हणाली असती, तर माफी मागणं सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “बरं आहे.”